एआयने दिलेलं कायद्याचं उत्तर तपासताना गुण कशाला द्यायचे?

कोर्टपायरी

तालुका कोर्टात दिवाणी वकिली करतो. त्याच्या जोडीला अलीकडे घरबसल्या एक काम घेतलंय. भारतीय कायद्यावरच्या प्रश्नांना एआयने दिलेली उत्तरं वाचायची आणि गुण द्यायचे. तक्ता ठरलेला आहे: कायदा बरोबर सांगितलाय का, कलमं-निवाडे खरे आहेत का, उत्तर पूर्ण आहे का, भाषा सामान्य माणसाला कळेल का. प्रत्येकाचे वेगळे गुण आणि खाली बेरीज. या बेरजेवरून माझं आणि काम देणाऱ्या मंडळींचं जमत नाहीये, म्हणून धागा काढतोय.

मूळ प्रश्न गोपनीय असतात, म्हणून त्याच जातीचा एक रचून देतो.

"आमची शेतजमीन पणजोबांपासूनची आहे. वडील २००१ साली वारले, आई त्यांच्या आधीच गेली. आम्ही दोघंच, मी आणि भाऊ. माझं लग्न १९९१ चं. भाऊ म्हणतो तुझा यात काही हक्क नाही, पण कागद स्वच्छ राहावा म्हणून हक्कसोडपत्रावर सही करून दे. पुढच्या आठवड्यात दुय्यम निबंधकाकडे बोलावलंय. काय करू?"

पहिलं उत्तर एकदम टापटीप. हिंदू उत्तराधिकार कायद्याची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश विरुद्ध फुलवती या २०१५ च्या निकालात म्हटलंय की त्या तारखेला वडील आणि मुलगी दोघंही हयात पाहिजेत. आपले वडील २००१ मध्ये गेले, सबब आपल्याला हिस्सा नाही. हक्कसोडपत्र करून देण्यास हरकत नाही. निवाडा खरा, न्यायालय खरं, साल खरं. ज्युनिअरने असं टिपण आणलं असतं तर मीही आधी मान डोलावली असती. अडचण एवढीच की ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने फुलवतीचा तो भाग मोडीत काढला. मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासूनची हिस्सेदार. २००५ ला वडील हयात असोत वा नसोत.

दुसरं उत्तर गबाळं. सुरुवातीला चार ओळी सांत्वनाच्या, निवाडा एकही नाही, 'सहदायाद' हा शब्द दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलेला. पण त्यात तीन गोष्टी होत्या: वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे, २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटप किंवा कोर्टाचा वाटपाचा हुकूमनामा झाला होता का ते बघा, आणि हे कळेपर्यंत सही करू नका.

तक्त्याप्रमाणे बेरीज केली तर पहिलं उत्तर पुढे जातं. निवाड्याचे गुण, मांडणीचे गुण, भाषेचे गुण. फक्त 'कायदा बरोबर' या एका रकान्यात त्याचे गुण कापले जातात.

माझं म्हणणं असं की ते वाचून ही बाई पुढच्या आठवड्यात काय करणार हे बघून गुण द्या. पहिलं वाचून ती निबंधकाकडे जाऊन अंगठा आणि फोटो देऊन येईल. नोंदणी झालेला दस्त नंतर रद्द करून मागायचा तर फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो, त्याला मुदत तीन वर्षांची, आणि तोवर जमीन तिसऱ्याच्या नावावर गेली तर विषयच संपला. अशा उत्तराला भाषेचे गुण द्यायचे तरी कशाला?

खोट्या निवाड्यांची चर्चा सगळीकडे आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात मॅटा विरुद्ध एव्हियांका प्रकरणात वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड झाला, आपल्याकडे आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या बंगळुरू पीठाला डिसेंबर २०२४ चा एक आदेश मागे घ्यावा लागला, कारण त्यातले निवाडे अस्तित्वातच नव्हते. पण खरं सांगू का, खोटा निवाडा पकडणं सोपं. ई-एससीआर किंवा इंडियन कानून या निवाडे शोधायच्या संकेतस्थळांवर नाव टाकलं की दोन मिनिटांत कळतं. खरा पण मेलेला निवाडा पकडायला वकीलच लागतो.

मत सांगा. या क्षेत्रातले कोणी असतील तर विशेष.

शून्यखूण

मी अशा तपासणीची बाजू बघतो, म्हणजे तक्ते बनवणाऱ्यांपैकी. तुमची तक्रार रास्त आहे आणि जुनी आहे. सरासरी काढली की जीवघेणी चूक चांगल्या भाषेखाली दडते. त्यावर उपाय म्हणून बरेच जण 'क्रिटिकल एरर' असा वेगळा रकाना ठेवतात. तिथे खूण पडली की बाकीचे गुण मोजायचेच नाहीत. तुमच्या तक्त्यात तो नसेल तर मागा.

मात्र त्याचीही एक खोड आहे. मॉडेलला, म्हणजे उत्तर देणाऱ्या एआयला, कळतं की चूक झाली तर शून्य, पण गोल गोल बोललं तर काही ना काही मिळतं. मग ते प्रत्येक प्रश्नाला 'प्रत्येक प्रकरणाची वस्तुस्थिती वेगळी असते, कृपया तज्ज्ञ वकिलाचा सल्ला घ्यावा' एवढंच म्हणायला शिकतं. तेव्हा न दिलेल्या उत्तरालाही शून्यच द्यायला हवं. नाहीतर तुम्ही भित्रा कारकून तयार कराल.

अजून एक युक्ती सांगतो, करून बघा. हाच प्रश्न भावाच्या तोंडून विचारा. 'बहीण हिस्सा मागतेय, वडील २००१ ला वारले, तिचं लग्न १९९१ चं.' मी दोन वेगवेगळ्या मॉडेलांवर आत्ताच करून पाहिलं. बहिणीला सांगितलं, आपला हक्क आहे. भावाला सांगितलं, आपली बाजू भक्कम आहे. दोन्ही वेळा त्याच मॉडेलने. विचारणाऱ्याच्या बाजूने झुकण्याची सवय कायद्यात फार महागात पडते.

बाराबलुतं

+१. माझ्या शेजाऱ्यांनाही एआयने 'तुमची केस मजबूत आहे' असंच सांगितलंय. समोरच्या पार्टीलाही तेच सांगितलं असणार. 😀

दुसरी बाजू

कोर्टपायरी, तुम्ही पहिल्या उत्तराला जरा सौम्यपणे घेतलंय. ते फुलवती कायम असता तरीही चूकच होतं.

२००५ ची दुरुस्ती क्षणभर बाजूला ठेवा. १९९४ च्या महाराष्ट्र दुरुस्तीचाही या बाईंना उपयोग नाही, कारण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. तरीही जुन्या कलम ६ च्या परंतुकाप्रमाणे (त्यातल्या अपवादाप्रमाणे) वडील वारले त्या क्षणी काल्पनिक वाटप धरायचं. बाप आणि मुलगा, प्रत्येकी निम्मा. बापाचा निम्मा मग कलम ८ ने वर्ग १ च्या वारसांत जातो, आणि मुलगी वर्ग १ मध्ये १९५६ पासून आहे. म्हणजे बापाच्या निम्म्यातला निम्मा, एकूण जमिनीचा चौथा हिस्सा तिला जुन्या कायद्यानेही मिळतो. विनीता शर्मानंतर तीच सहदायाद झाल्याने वाटे तीन पडतात, बापाचा तिसरा हिस्सा दोघांत वाटला जातो, आणि ती चौथ्या हिश्श्यावरून निम्म्यावर येते.

तेव्हा वाद पाव की अर्धा असा होता. 'हिस्सा नाही' असं म्हणायला २०१५ मध्येसुद्धा जागा नव्हती. एआय 'सहदायाद नाही' वरून 'वारस नाही' वर उडी मारतं. ही उडी माणसंही मारतात, आणि त्यांचं वाचूनच ते शिकलंय.

उलट बाजूची चूकही तितकीच दिसते. आजोबांनी स्वतः घेतलेली जमीन, आजोबा मृत्युपत्र न करता १९७५ ला वारले, जमीन वडिलांकडे आली. इथे एआय धडधडीत 'वडिलोपार्जित' म्हणून नातवंडांना जन्मसिद्ध हक्क देऊन टाकतं. सर्वोच्च न्यायालयाचा चंदर सेन निकाल १९८६ चा आहे: कलम ८ ने मुलाकडे आलेली मालमत्ता त्याची स्वतंत्र. नातवंडांचा बाप हयात असताना त्यात वाटा नाही. चांगलं उत्तर आधी विचारेल, जमीन कोणाकडून, कधी आणि कशाने आली. त्या प्रश्नाशिवाय दिलेलं उत्तर बरोबर आलं तरी ते नशिबाने.

कोर्टपायरी

दुसरी बाजू, पाव आणि अर्ध्याचा मुद्दा अगदी नेमका. तपासणीच्या टिपणात हाच लिहितो आता. म्हणजे 'जुना निवाडा वापरला' एवढ्यावर भागणार नाही, निष्कर्ष कुठल्याच काळातल्या कायद्यात बसत नाही असं म्हणता येईल.

फेरफारवाले काका

महसूल खात्यातून निवृत्त झालो. कायदा तुम्ही जाणता, मी कागद जाणतो.

या प्रश्नात एक गोष्ट एकाही यंत्राने विचारली नाही आणि तुम्हीही विचारली नाहीत. बाईंचे नाव आज सातबाऱ्यावर आहे का? वडील २००१ ला वारले तेव्हा वारसाचा फेरफार झाला असणार. गाव नमुना सहा-क मध्ये वारसांची नोंद होते, त्यात मुलींची नावे लागतात. अनेक गावांत बहिणींची नावे 'इतर हक्क' रकान्यात ढकलून ठेवलेली मी स्वतः पाहिली आहेत. आता विचार करा. भाऊ हक्कसोडपत्र मागतो आहे. ज्याचा हक्कच नाही त्याच्याकडून हक्कसोड कोण मागतो? निबंधकाची फी आणि स्टॅम्प काय हौस म्हणून भरतो? बाईंचे नाव कुठे तरी आहे, म्हणूनच सही हवी आहे.

तेव्हा उत्तराची पहिली ओळ अशी हवी: ऑनलाइन सातबारा आणि तो फेरफार काढा. दुसरी ओळ: सही नको. विनीता शर्मा तिसऱ्या ओळीत आल्या तरी चालतील. आणि दस्त झालाच, तर फेरफार प्रमाणित होण्याआधी हितसंबंधितांना नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत घेता येते. हेही उत्तरात पाहिजे.

अर्थात सातबारा म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. ते महसुली नोंदीचे कागद. पण वाद कुठून सुरू होतो ते त्यावरूनच कळते.

शून्यखूण

काका, हे सोनं आहे. 'हक्क नाही तर हक्कसोड कशाला' हा तर्क प्रश्नाच्या आतच दडलेला होता आणि कोणत्याही मॉडेलने तो काढलेला मी पाहिला नाही.

गिरगावकरीण

सगळे वकील आणि तज्ज्ञ बोलतायत, मी ग्राहक म्हणून बोलते. मला एआयचा उपयोग झालाय.

माझा फ्लॅट भाड्याने दिलाय. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस म्हणून मेंटेनन्सच्या वर चांगली घसघशीत रक्कम लावत होती. सेक्रेटरी म्हणाले जनरल बॉडीत ठराव झालाय. एआयला विचारलं. त्याने सांगितलं, महाराष्ट्रात शासनाने १ ऑगस्ट २००१ ला मर्यादा घातली आहे, सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि सेवा शुल्कात महापालिकेचा कर धरायचा नाही. उपविधीत कुठे बघायचं तेही सांगितलं. मी उपविधी काढले, वाचले, पत्र दिलं. दोन महिन्यांत बिल कमी होऊन आलं.

आता मला सांगा, एवढ्याशा रकमेसाठी कोणता वकील माझा फोन उचलणार होता? तुम्ही तुलना करताय एआयची आणि चांगल्या वकिलाची. माझ्यापुढे पर्याय होता सोसायटीतल्या सर्वज्ञ काकांचा आणि व्हॉट्सॲपचा. त्यांना कोणी गुण दिले होते?

कोर्टपायरी

ताई, तुमचं उत्तर बरोबर होतं आणि तुम्ही ते उपविधीत जाऊन पडताळलंत, तिथेच तुम्ही जिंकलात. 'मेंटेनन्सच्या दहा टक्के' असं चुकीचं उत्तर मी कितीतरी वेळा पाहिलंय. सेवा शुल्क आणि एकूण बिल यात मोठा फरक पडतो.

तुलनेचा मुद्दा मान्य. चूक झाली तरी सुधारता येते अशा प्रकरणात एआयला सूट द्यायला माझी हरकत नाही. जास्त बिल भरलं तर पुढच्या महिन्यात वळतं होतं. हक्कसोडपत्र वळतं होत नाही. पण तक्त्यात दोन्ही प्रश्नांना सारखेच गुण आहेत.

जाता जाता: स्त्रियांना मोफत विधी सेवा मिळते, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२. उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. वरच्या बहिणीच्या प्रश्नात ही माहिती एकाही उत्तराने दिली नाही, 'चांगला वकील बघा' म्हणून सगळे मोकळे झाले.

मांडवीपार

फोंड्यातून लिहितोय. इथं सगळे हिंदू उत्तराधिकार कायद्यावरच बोलताहेत. आमच्या गोव्यात तो लागूच नाही हे एआयला पटवता पटवता नाकीनऊ येतात.

भावाने विचारलं होतं, 'वडील त्यांचं घर मृत्युपत्राने एकट्या मुलाला देऊ शकतात का?' उत्तर आलं, स्वकष्टार्जित असेल तर कोणालाही देऊ शकतात. महाराष्ट्रात बरोबर. गोव्यात साफ चूक. इकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आणि आता २०१२ चा गोव्याचा उत्तराधिकार कायदा. लग्न झालं की साधारणपणे मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक, अर्धी-अर्धी. म्हणजे घराचा निम्मा भाग आधीच आईचा. राहिलेल्या बापाच्या हिश्श्यातला निम्मा मुलांसाठी राखीव, त्याला मृत्युपत्राने हात लावता येत नाही. घर विकायचं तर दोघांची सही. हे हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांना. आयकर कायद्यातसुद्धा आमच्यासाठी कलम ५अ वेगळं होतं, नवरा-बायकोच्या उत्पन्नाच्या वाटणीचं. आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोव्याच्या रहिवाशाची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी वारसा याच कायद्याने.

प्रश्नात 'फोंडा' लिहिलेलं होतं बरं का. तरी नाही कळलं. 'गोव्यात कोणता वारसा कायदा लागू आहे?' असं सरळ विचारलं की मग सगळं धडाधड सांगतं. माहिती आत आहे, पण गाव बघून ती बाहेर काढायचं सुचत नाही.

पेठेतला भाडेकरू

हेच भाड्याच्या बाबतीत. पुण्यात मालकाने सहा महिन्यांचं डिपॉझिट मागितलं. एआय म्हणालं, मॉडेल टेनन्सी ॲक्ट २०२१ नुसार दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, मालकाला कळवा. मी कळवलं. मालक स्वतः वकील निघाले. म्हणाले, तो नमुना कायदा आहे, राज्यांनी स्वीकारला तर लागू. आपल्याकडे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा चालतो, त्यात अशी मर्यादा दाखव. मी गप्प.

पण मग मीही त्याच कायद्याचं कलम ५५ काढलं. लेखी करार आणि त्याची नोंदणी ही घरमालकाची जबाबदारी. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते धरून चालतात, आणि मालकाला शिक्षेची तरतूद आहे. नोंदणी झाली एकदाची. डिपॉझिट मात्र सहा महिन्यांचंच.

फौजदारी गल्ली

दिवाणीवाल्यांनो, तुमच्याकडे निदान कलमांचे नंबर तरी जागेवर आहेत. आमच्याकडे १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले आणि सगळा बाजार उठलाय.

४८२ घ्या. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करायला जायचं ते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. जुना अटकपूर्व ४३८ होता, आणि अंगभूत अधिकार आता ५२८ मध्ये. एआयला '४८२ खाली अर्ज कसा करायचा' विचारा, अर्धं उत्तर एका कायद्याचं, अर्धं दुसऱ्याचं. ३०२ तर विचारूच नका. जुन्या दंड संहितेत खून, नव्या न्याय संहितेत धार्मिक भावना दुखावणारे उद्गार. खून आता १०३.

यावर काहींनी सोपा उपाय काढला: प्रत्येक जुन्या कलमाच्या जागी नवं घाला. तेही चूक. गुन्हा २०२३ मध्ये घडला असेल तर दंड संहिताच लागते, खटला आज चालला तरी. मी कोणतंही उत्तर तपासताना पहिल्यांदा बघतो, घटनेची तारीख विचारली का? नसेल विचारली तर पुढे वाचत नाही.

ग्राहकहट्ट

'मूळ कायदा वाचून पडताळा' असा सूर वर दिसतोय. त्यात खड्डा आहे, दाखवतो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ उघडा. कलम ३४: जिल्हा आयोगाकडे एक कोटीपर्यंत मोबदल्याची तक्रार करता येते. छापील शब्द असेच आहेत. एआय एक कोटी सांगतं, तुम्ही बेअर ॲक्टमध्ये, म्हणजे कायद्याच्या छापील मूळ मजकुरात बघता, एक कोटीच. खूण बरोबरची. प्रत्यक्षात डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ती मर्यादा ५० लाख केली. राज्य आयोग ५० लाख ते २ कोटी, त्यापुढे राष्ट्रीय. कायद्यातच लिहिलंय की केंद्र सरकार वेगळा आकडा विहित करू शकेल, त्यामुळे कलमाला हात न लावता आकडा बदलला. ७० लाखांच्या फ्लॅटची तक्रार घेऊन माणूस जिल्हा आयोगात जातो आणि परत येतो. मुदत दोन वर्षांची असते, त्यातले महिने असे जातात.

तेव्हा तपासणाऱ्यालाही विचारा, तू कलम पाहिलंस की नियम आणि अधिसूचनासुद्धा?

कोर्टपायरी

ग्राहकहट्ट, हे मी बाजूला लिहून ठेवलं. सगळे प्रतिसाद एकत्र वाचले की चुकांची जात जवळपास एकच दिसते. बहिणीच्या प्रश्नात २०१५ आणि २०२०, गोव्यात गाव, भाड्यात राज्य, फौजदारीत घटनेची तारीख, ग्राहक आयोगात नंतरचे नियम. कायदा शोधून काढलेला असतो, तो इथे आणि आज लागतो का हे पाहिलेलं नसतं. पुढच्या बैठकीत मी तक्त्यातला भाषेचा रकाना निम्म्यावर आणून 'कुठे, कधीचं, कोणाचं हे विचारलं का' असा रकाना मागणार आहे. शून्यखूण म्हणतात तो क्रिटिकल एररचाही. मिळेल की नाही माहीत नाही, कारण असे रकाने भरायला वेळ लागतो आणि पैसे उत्तरामागे मिळतात.

एकच प्रश्न

मुळात एआयला विचारताच कशाला? वकील मेलेत का?

दुसरी बाजू

वकील आहेत. माझ्याकडे येणारे निम्मे अशील आता एआयचं उत्तर छापूनच आणतात. पूर्वी कोणीतरी पाठवलेला मेसेज दाखवायचे. विचारू नका म्हणून कोणी थांबणार नाही. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं, निष्कर्ष किंवा निकाल ठरवायला एआय वापरायचं नाही म्हणून. ते न्यायाधीशांसाठी ठीक. सही करायला निघालेल्या बहिणीसाठी कोण धोरण काढणार?

चारमाग

इचलकरंजीहून. धागा वाचला, माझंही एक तपासून द्या की साहेब. सुरतच्या पार्टीने दिलेला चेक परत आला, 'अपुरी शिल्लक'. एआयला विचारलं तर म्हणतंय, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या दशरथ रूपसिंग राठोड निकालाप्रमाणे केस सुरतला करावी लागेल, जिथे चेक देणाऱ्याची बँक आहे. आणि नोटीस पंधरा दिवसांत द्या म्हणतंय. सुरतला तारखांना जायचं म्हणजे माग बंद ठेवावे लागतील, त्यापेक्षा पैसे सोडून द्यावेत असं घरचे म्हणतात.

कोर्टपायरी

सोडू नका. हा पुन्हा तोच प्रकार, खरा पण मेलेला निवाडा. दशरथ रूपसिंगमध्ये तसं म्हटलं होतं हे खरं, पण २०१५ मध्ये संसदेने चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १४२ मध्ये दुरुस्ती केली. तुम्ही चेक स्वतःच्या खात्यात भरला असेल तर तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट. खातं इचलकरंजीत असेल तर केस इचलकरंजीत, पार्टीने इकडे यायचं.

पंधरा दिवसांचाही घोळ आहे. चेक परतल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पैसे द्यायला पंधरा दिवस. ते उलटले की एक महिन्यात फिर्याद. फिर्यादीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफ होऊ शकतो. नोटिशीला नाही. नोटिशीची मुदत चुकली तर चेक वैध असेपर्यंत, म्हणजे त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत, पुन्हा भरून बघता येतो.

बँकेने चेक परत करताना दिलेल्या मेमोची तारीख काय?

चारमाग

मेमोवर ३ तारीख आहे. पण शाखेने माझ्या हातात ९ ला दिला. नोटिशीचा मसुदा एआयकडून करून घेऊ का? व्याज आणि मालाचं नुकसान धरून एकच रक्कम टाकायची होती.

कोर्टपायरी

मसुदा करून घ्या, पण पाठवण्याआधी इचलकरंजीतल्याच एखाद्या वकिलाच्या नजरेखालून घाला. मागणीची रक्कम चेकवर आहे तीच, रुपयाही इकडेतिकडे नको. व्याज आणि नुकसान मागायचंच असेल तर वेगळ्या परिच्छेदात, वेगळा आकडा. एकत्र बेरीज केलीत तर समोरचा वकील तेवढ्यावरच नोटीस उडवायला बघेल. स्पीड पोस्टने पाठवा, पावती आणि पोचल्याचा ट्रॅकिंग रिपोर्ट छापून ठेवा.

तारखेचं म्हणाल तर मेमो ९ ला हातात आला असेल, पण चेक परतल्याचा एसएमएस ३ लाच आला असणार. उद्या कोर्टात तोच काढून दाखवतील. तीस दिवस ३ पासून धरा आणि याच आठवड्यात नोटीस टाका.